अब्जांश वायू मोजायचा तर

लेसर वायूमापक विकत घ्यायचा किंवा प्रयोगशाळेत बांधायचा ठरला की पहिला प्रश्न बहुधा असा येतो: किती पीपीबीपर्यंत, म्हणजे अब्जात किती भागांपर्यंत, मोजतो? माहितीपत्रकातही हाच आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. माझा आग्रह असा की हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी कागदावर लिहा: कोणता वायू मोजायचा, तो किती प्रमाणात असण्याची शक्यता आहे, त्याच्या सोबतीला त्या हवेत दुसरे काय काय आहे, आकडा दर सेकंदाला हवा की तासाला एक चालेल, यंत्र बसणार तिथे वीज किती भरवशाची आहे, आणि दोन वर्षांनी त्याचे आरसे साफ करणारे माणूस कोण असेल. एवढे लिहून झाले की बरीच यंत्रे आपोआप बाद होतात.

तत्त्व थोडक्यात असे. वायूचा प्रत्येक रेणू ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश शोषतो. लहान रेणूंच्या बाबतीत या तरंगलांबी अगदी अरुंद रेषांच्या रूपात दिसतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक वायूची वेगळी असते. लेसरचा रंग अशा रेषेपेक्षाही अरुंद असतो. त्यामुळे विद्युतप्रवाह किंचित कमीजास्त करून लेसरला त्या रेषेवरून सरकवत नेता येते आणि प्रकाश किती घटला ते पाहता येते. घट तीन गोष्टींवर ठरते: रेषा किती बलवान आहे, वायू किती आहे आणि प्रकाश त्यातून किती लांब गेला. अडचण आकड्यांची आहे. आजच्या हवेत मिथेन १.९ पीपीएमच्या थोडे वर, म्हणजे दहा लाखांत जेमतेम दोन भाग आहे. १.६५ मायक्रोमीटरच्या लेसरने हा मिथेन एक मीटर हवेतून मोजायचा तर प्रकाशातली घट दहा हजारांत एका भागाहूनही कमी भरते. लेसरची स्वतःची चंचलता याहून मोठी असते. या क्षेत्रातल्या साऱ्या तंत्रांचा खटाटोप ही इवलीशी घट विश्वासाने वाचण्यासाठी आहे.

पण लेसर सगळीकडे चालत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मुंबई-पुण्याच्या घरांत नळाने येतो तो गॅस मुख्यतः मिथेन. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. मिथेनच्या रेषेवर बसवलेला हातातला लेसर-शोधक पाइपलाइनची गळती लांबूनही पकडतो, मात्र सिलिंडरची गळती त्याला दिसत नाही. यंत्र बिघडलेले नसते, ते मुळात दुसऱ्या रेणूसाठी केलेले असते. प्रोपेन-ब्युटेनसारख्या मोठ्या रेणूंच्या असंख्य रेषा एकमेकींत मिसळून पसरट उंचवटे होतात आणि थोड्याशा पट्ट्यात फिरणाऱ्या डायोड लेसरला त्यांत चढउतार सापडत नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरात सिलिंडरच्या गळतीची धोक्याची घंटा हवी असेल तर साधा, स्वस्त सेन्सरच योग्य. हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचे रेणू तर अवरक्त प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत. त्यांच्यासाठी शोषणावर चालणारे यंत्र शोधू नका. ऑक्सिजनलाही हाच नियम लागू पडायला हवा होता, पण ७६० नॅनोमीटरजवळ त्याच्या काही क्षीण रेषा आहेत आणि भट्ट्यांमधला ऑक्सिजन त्यांवरच मोजला जातो.

वायू लेसरला दिसणारा आहे हे नक्की झाले की रेषा निवडा. यावर जितका वेळ द्याल तितका थोडा. हायट्रान हा रेषांचा संग्रह अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत सुरू झाला. आज तो हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात सांभाळला जातो आणि इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यातून आपल्या वायूच्या आणि आपल्या हवेतल्या इतर वायूंच्या रेषा एकाच आलेखावर काढा. इतर म्हणजे सर्वांत आधी पाणी. कोकणात जुलै महिन्यात ३० अंश तापमानाला हवा बाष्पाने पूर्ण भरली तर तिच्यात शंभरात सुमारे चार भाग पाणीच असते. मिथेनच्या वीस हजारपट! कोरड्या हवेत सुंदर, एकटी उभी दिसणारी रेषा अशा हवेत पाण्याच्या एखाद्या दुबळ्या रेषेखाली बुडून जाते. म्हणून आलेख काढताना परदेशी पुस्तकातले एक टक्का बाष्प धरू नका. आपल्या गावचा पावसाळा धरा.

रेषेबरोबरच तरंगलांबीचा प्रदेश ठरतो. १.३ ते १.७ मायक्रोमीटरच्या जवळच्या अवरक्त पट्ट्यात टेलिफोनच्या प्रकाशतंतूंसाठी तयार झालेले लेसर आणि डिटेक्टर मिळतात. ते स्वस्त, टिकाऊ असतात आणि खोलीच्या तापमानाला चालतात. ॲसिटिलीन आणि अमोनिया १.५३ च्या आसपास, हायड्रोजन सल्फाइड १.५७ जवळ, मिथेन १.६५ ला. मात्र इथल्या रेषा मूळ कंपनांच्या नाहीत, त्यांच्या पटींच्या आहेत, म्हणून दुबळ्या. मिथेनची मूळ रेषा ३.३ मायक्रोमीटरजवळ आहे आणि ती सुमारे शंभरपट बलवान आहे. नायट्रिक ऑक्साइड ५.२ ते ५.३, कार्बन मोनॉक्साइड ४.६, अमोनिया १० मायक्रोमीटरच्या आसपास असाच जोरात दिसतो. १९९४ मध्ये बेल लॅब्जमध्ये क्वांटम कॅस्केड लेसर तयार झाला आणि पुढे हळूहळू हा मधला अवरक्त प्रदेश द्रव नायट्रोजनशिवाय वापरता येऊ लागला. लेसर महाग, डिटेक्टर महाग, काच चालत नाही म्हणून खिडक्याही वेगळ्या द्रव्याच्या. माझा कौल असा: काही पीपीएमपर्यंतचे काम असेल आणि यंत्र कारखान्यात राहणार असेल तर जवळच्या अवरक्तातच राहा. पीपीबीच्या खाली जायचे असेल, किंवा नायट्रिक ऑक्साइडसारखा रेणू असेल, तरच पुढे जा.

दाब हे हाताशी असलेले सर्वांत स्वस्त साधन आहे आणि नवशिके त्याकडे पाहतच नाहीत. वातावरणाच्या दाबाला रेणू एकमेकांवर आदळत राहतात आणि रेषा फुगते. वायू भरलेल्या कोठडीतला दाब उतरवत नेला तर रेणू कमी होतात, पण रेषाही त्याच प्रमाणात अरुंद होते. परिणामी रेषेच्या शिखरावरचे शोषण एका मर्यादेपर्यंत जवळपास तेवढेच राहते आणि शेजारच्या रेषा मात्र वेगळ्या उभ्या दिसू लागतात. म्हणून अनेक चांगली यंत्रे १०० ते १५० टॉरच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या बऱ्याच खाली, चालतात. किंमत फक्त एका पंपाची आणि दाब स्थिर ठेवणाऱ्या व्हॉल्व्हची. तो व्हॉल्व्ह मात्र चांगला घ्या, कारण दाब हलला की आकडा हलतो.

आता तंत्र. साधे थेट शोषण आधी करून पाहा, कारण त्यात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. त्यापुढची पायरी म्हणजे लेसरच्या तरंगलांबीला काही हजार हर्ट्झने थरथरवत ठेवायचे आणि डिटेक्टरवर त्याच्या दुप्पट वारंवारतेचा संकेत वाचायचा. मंद गतीचा गोंगाट अशाने मागे पडतो. दुप्पट वारंवारतेच्या संकेताला पहिल्या वारंवारतेच्या संकेताने भागले की लेसरची शक्ती कमी झाली किंवा खिडकी मळली तरी आकडा बराचसा तगून राहतो. चिमणीच्या आरपार बसवलेल्या यंत्रांसाठी हे भागणे अत्यावश्यक समजा.

प्रकाशाची वाट लांबवायला बहुफेरी कोठडी असते. जॉन व्हाइट यांनी १९४२ मध्ये तीन आरशांची, तर डोनाल्ड हेरिऑट यांनी १९६० च्या दशकात दोन आरशांची रचना दिली. हेरिऑटची कोठडी हादऱ्यांना कमी दाद देते, म्हणून गाडीवर, विमानात तीच दिसते. पन्नास मीटर वाट अर्धा लिटरच्या कोठडीत बसते. पण आरसे आले की झालरी आल्या. खिडक्या, भिंगे, आरशाची कड अशा दोन पृष्ठभागांमध्ये प्रकाश मागेपुढे होऊन बेसलाइनवर लाटा उमटतात आणि त्या हुबेहूब शोषणासारख्या दिसतात. बहुतेक यंत्रांची खरी मर्यादा या झालरी ठरवतात. डिटेक्टरच्या गोंगाटाचा वाटा त्यापुढे लहान असतो. खिडक्या तिरप्या आणि पाचरीच्या आकाराच्या बसवा, मार्गात अनावश्यक काच एकही ठेवू नका, आणि पेटी एकाच तापमानाला राहील असे पाहा, कारण तापमानाबरोबर लाटा सरकतात. खोलीतला एसी सुरू-बंद होतो त्याच लयीत तुमचा मिथेन वरखाली होत असेल तर मिथेनवर लेख लिहायला घेऊ नका. झालरी शोधा.

सरासरी काढत राहिले की गोंगाट कमीच होतो, हा समजही सोडा. पीटर वेर्ले आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये घड्याळांच्या अभ्यासातला ॲलन व्हेरियन्सचा आलेख लेसर वायूमापनात आणला. मोजायचा वायू नसलेल्या ‘शून्य’ हवेवर यंत्र रात्रभर चालवा, नोंदींवरून हा आलेख काढा. एका ठरावीक वेळेपर्यंत सरासरी सुधारत जाते, मग यंत्राचे सरकणे वरचढ होते. तो तळाचा बिंदू कुठे आहे त्यावरून किती वेळ सरासरी घ्यायची आणि किती वेळाने शून्य तपासायचे हे ठरते. माहितीपत्रकातला पीपीबीचा आकडा बहुधा याच तळाचा असतो आणि तो कंपनीच्या थंड, शांत खोलीतला असतो. आपल्या जागेवरचा आलेख स्वतः काढा. यंत्राचा स्वीकार त्या आलेखावरच करा.

वाट किलोमीटरांत हवी असेल तर कॅव्हिटी रिंग-डाउन, म्हणजे सीआरडीएस. ओ'कीफ आणि डीकन यांनी १९८८ मध्ये हे तंत्र मांडले. दोन अत्यंत परावर्तक आरशांमध्ये प्रकाश कोंडायचा, लेसर बंद करायचा आणि प्रकाश विरायला किती वेळ लागतो तो मोजायचा. देवळातल्या घंटेचा टोल दिल्यानंतर नाद विरत जातो तसे. २५ सेंटीमीटर अंतरावरचे आरसे ९९.९९९ टक्के परावर्तक असतील तर विरण्याचा काळ सुमारे ८० मायक्रोसेकंद आणि प्रकाशाची वाट सुमारे २५ किलोमीटर भरते. आत वायू असला की प्रकाश लवकर विरतो. इथे मोजला जातो तो काळ. लेसर किती तेजस्वी होता याने काही बिघडत नाही. हरितगृह वायूंच्या दीर्घकालीन नोंदींसाठी मी हेच तंत्र सुचवेन. तिरक्या कोनातून प्रकाश सोडून विरण्याऐवजी एकूण बाहेर आलेला प्रकाश मोजणारा त्याचा एक भाऊबंद आहे. त्याची जुळवणी सोपी, संवेदनशीलता थोडी कमी. दोन्हींचा शत्रू एकच, धूळ. नमुन्याच्या वाटेवरचे बारीक फिल्टर वेळच्या वेळी बदला आणि रिकाम्या कोठडीचा विरण्याचा काळ दर आठवड्याला वहीत लिहा. तो हळूहळू घटत असेल तर आरसे मळत आहेत.

लहान, हलके यंत्र हवे असेल तर प्रकाश-ध्वनी पद्धत पाहा. ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्येच दाखवले होते की तुटक प्रकाश शोषणारा पदार्थ आवाज करतो. २००२ मध्ये राइस विद्यापीठातल्या गटाने मायक्रोफोनच्या जागी क्वार्ट्झ घड्याळातला ३२,७६८ हर्ट्झचा नादकाटा बसवला. यात संकेत लेसरच्या शक्तीबरोबर वाढतो आणि मोठी कोठडी लागत नाही. एक धोका लक्षात ठेवा: रेणूने घेतलेली ऊर्जा उष्णतेत किती लवकर उतरते यावर आवाज ठरतो, आणि कार्बन मोनॉक्साइड किंवा नायट्रिक ऑक्साइडच्या बाबतीत हा वेग बाष्पावर अवलंबून असतो. कोरड्या सिलिंडरने कॅलिब्रेट केलेले असे यंत्र दमट हवेत सरळ चुकीचे बोलते. आर्द्रता नेहमी सोबत मोजा.

उघड्या हवेत लांबवर लेसर टाकणारी यंत्रे पीपीएम-मीटरमध्ये आकडा देतात. १०० पीपीएम-मीटर म्हणजे एक मीटर जाडीचा १०० पीपीएमचा ढग असू शकतो, किंवा पन्नास मीटरच्या वाटेवरची नेहमीचीच हवा. म्हणून पार्श्वभूमीचा आकडा त्याच अंतरावर, गळती नसलेल्या बाजूला आधी घ्या. शहरात मिथेन सापडला म्हणजे पाइपच फुटला असे नाही; गटार आणि कचराभूमीही मिथेन सोडतात. पाइपच्या गॅसमध्ये बहुधा थोडा ईथेन असतो, सडण्यातून निघालेल्या मिथेनसोबत तो जवळजवळ नसतो. ३.३ मायक्रोमीटरवर दोन्ही एकत्र मोजणारे यंत्र असेल तर खोदकामाचा खर्च वाचतो.

आता नळीकडे या. माझ्या मते निम्म्या वाईट नोंदींचे मूळ यंत्राबाहेरच्या नळीत असते. मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या वर जातो आणि यंत्राची खोली एसीने २२ अंशांवर असते. नळी भिंतीतून आत आली की तिच्यात पाणी धरते. पाणी आरशांपर्यंत गेले तर दुरुस्ती मोठी, आणि अमोनियासारखे वायू त्या पाण्यात विरघळून गायबच होतात. उपाय दोन: नळी गरम ठेवा, किंवा दाब उतरवणारे बारीक छिद्र नळीच्या बाहेरच्या टोकालाच बसवा, म्हणजे पूर्ण वाटेवर बाष्पदाब कमी राहतो. चिकट वायूंसाठी टेफ्लॉनच्या जातीची नळी, शक्य तितकी आखूड, आणि प्रवाह भरपूर. मग नळीच्या बाहेरच्या टोकाला ज्ञात वायू देऊन आकडा चढायला आणि उतरायला किती वेळ लागतो ते पाहा. अमोनियाला दहा मिनिटे लागत असतील तर दर सेकंदाची नोंद दाखवून कुणाची दिशाभूल करू नका.

बाष्पाचा दुसरा हिशेब सौम्य वाटतो, पण मोठा आहे. ४२० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असलेल्या कोरड्या हवेत चार टक्के बाष्प मिसळले की तोच वायू ४०३ दिसतो. जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यात उत्तर गोलार्धातल्या स्थानकांमध्ये अपेक्षित जुळणी ०.१ पीपीएमची आहे. त्यामुळे नोंद नेहमी कोरड्या हवेच्या प्रमाणात द्या, आणि बाष्पामुळे रेषा रुंदावते त्याची दुरुस्तीही यंत्र करते का ते विक्रेत्याला विचारा. कॅलिब्रेशनचे सिलिंडरही हवेतले घ्या. शुद्ध नायट्रोजनमध्ये भरलेला मानक वायू स्वस्त मिळतो, पण नायट्रोजनमध्ये रेषेची रुंदी हवेतल्यापेक्षा वेगळी असते आणि आकडा एका बाजूला झुकतो. किमान दोन प्रमाणांचे सिलिंडर ठेवा, आणि तिसरा असा ठेवा जो कॅलिब्रेशनमध्ये न वापरता फक्त तपासणीसाठी राहील.

शून्याची काळजी किती घ्यावी याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण मंगळावरचे आहे. २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटी बग्गीत ३.२७ मायक्रोमीटरचा लेसर आणि ८१ फेऱ्यांची, १६.८ मीटर वाटेची हेरिऑट कोठडी आहे. लेसर आणि कोठडी यांच्यामधल्या छोट्या कक्षात फ्लोरिडातली, म्हणजे पृथ्वीवरची, हवा मिथेनसह राहून गेली होती. चमूने त्यावर मार्ग काढला: प्रत्येक वेळी कोठडी भरून आणि रिकामी करून दोन्ही नोंदी घ्यायच्या आणि वजाबाकी करायची. शिवाय कार्बन डायऑक्साइड काढून टाकून उरलेली हवा दाट करून मोजायची. २०१८ मध्ये त्यांनी सरासरी ०.४१ पीपीबी आणि ऋतूंनुसार ०.२४ ते ०.६५ असा चढउतार जाहीर केला. पुढच्याच वर्षी मंगळाभोवती फिरणाऱ्या ट्रेस गॅस ऑर्बिटरने मिथेन ०.०५ पीपीबीपेक्षाही कमी असल्याचे सांगितले. हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र तो गांभीर्याने होऊ शकतो, कारण रिकाम्या कोठडीची प्रत्येक नोंद उपलब्ध आहे. तुमच्या यंत्रातही लेसर आणि कोठडी यांमध्ये खोलीतली हवा असते. कार्बन डायऑक्साइड मोजत असाल तर तुमचा श्वास त्या हवेत आहे. ती जागा नायट्रोजनने धुऊन ठेवा.

श्वासाचेच मोजमाप करणाऱ्यांसाठी दोन शब्द. नायट्रिक ऑक्साइडवरून दम्याची सूज पाहताना प्रौढांत २५ पीपीबीखाली कमी आणि ५० च्या वर जास्त धरतात, पण ते आकडे सेकंदाला ५० मिलिलिटर वेगाने सोडलेल्या श्वासासाठी आहेत. वेग बदलला की प्रमाण बदलते, लेसर कितीही उत्तम असो. पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या चाचणीत कार्बन-१३ असलेला युरिया देऊन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या समस्थानिकांचे गुणोत्तर मोजतात. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात माणिक प्रधान यांच्या गटाने कॅव्हिटी वापरणाऱ्या लेसर तंत्रांवर याच दिशेने काम केले आहे; भारतीय विद्यार्थ्यांनी त्यांचे शोधनिबंध जरूर वाचावेत.

सुरक्षिततेत हयगय नको. हे लेसर डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून प्रकाशमार्ग झाकून ठेवा आणि जुळवणी करताना दर्शक कार्ड वापरा, डोळा कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइडचा सिलिंडर असेल तर पंपाचा निकास खोलीबाहेर न्या.

गोव्यात काबो दे रामच्या किनाऱ्यावर १९९३ ते २००२ या काळात काचेच्या बाटल्यांत हवा भरून ती ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेकडे पाठवली जात असे. पावसाळ्यातली समुद्रावरची हवा आणि हिवाळ्यातली जमिनीवरची हवा यांतला फरक त्या बाटल्यांनी दाखवला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सिंहगडावर अशाच बाटल्या भरल्या. आज लेसर दर सेकंदाला आकडा देतो, तरीही अधूनमधून बाटली भरून दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या पद्धतीने तपासून घ्या. आणि यंत्र घेण्याआधी एक अट करारातच घाला: नुसते पीपीबीचे आकडे देऊन चालणार नाही, मूळ वर्णपट, दाब आणि तापमान यांच्या फाइली आपल्याला मिळाल्या पाहिजेत. २००४ पासून हायट्रानची सुधारित आवृत्ती दर चार वर्षांनी येत आली आहे. कार्बन डायऑक्साइडची जागतिक मोजपट्टीही २००७ च्या आवृत्तीवरून २०१९ च्या आवृत्तीवर गेली. मूळ फाइली जपलेल्या असतील तर जुन्या नोंदी नव्या पट्टीवर पुन्हा काढता येतात. नसतील तर येत नाहीत.